क ठाकर की म ठाकर?

डिसेंबर २०२१ मधली दुपार. आजी खळ्यात बसून माडाच्या चुडतांचे हीर काढत होती आणि मी पडवीत प्रवेशाच्या कागदांची फाईल लावत होते. पाणंदीत जीप थांबली, दोन माणसं उतरली. जमात तपासणी समितीच्या दक्षता पथकाचे लोक, माझा जमातीचा दाखला खरा आहे का ते बघायला आलेले. एक पोलीस खात्यातले, दुसरे संशोधन विभागातले. बाबा गवंडीकामावर गेले होते. काकाने धावत येऊन खुर्च्या मांडल्या, आईने पाणी दिलं. संशोधन अधिकाऱ्यांनी छापील प्रश्नावली काढली आणि पहिला प्रश्न आजीलाच केला.

"आजी, तुम्ही क ठाकर की म ठाकर?"

आजीने कोयती खाली ठेवली. "म्हंजे काय ता?"

"ठाकर जमातीत दोन पोटभेद असतात. तुमचा कुठला?"

"क नाय नि म नाय. आमी ठाकर. आमका कोणी अक्षरां लावन हाक मारल्यान नाय."

साहेबांनी लिहून घेतलं. मी मागे उभी होते, मला कागद दिसत होता. 'पोटजमात सांगता आली नाही.'

मग कांबड नाच येतो का? लग्न लावायला कोण येतं? माणूस गेला की पुरता की जाळता? तुमच्या बोलीत नदीला काय म्हणतात, सापाला काय म्हणतात? आजी मालवणीत उत्तरं देत होती, कारण कुडाळ तालुक्यात जन्मलेली बाई दुसऱ्या कुठल्या बोलीत बोलणार? कांबड नाच तिने ऐकलेलाही नव्हता. तो कर्जत, अकोले, इगतपुरी भागातल्या ठाकरांचा. इथून तो मुलूख कित्येक दिवसांच्या चालीवर. आणि आजी लग्न होऊन या वाडीत आली ती परत तालुक्याबाहेर फारशी गेलेलीच नाही.

प्रश्न संपेनात तेव्हा ती उठली, आत गेली आणि माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आली.

पोथी म्हणजे अक्षरांची नव्हे, चित्रकथीची. आमच्याकडचे ठाकर देवळात नवरात्राच्या जागराला रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत. एकाच्या हातात वीणा, एकाकडे टाळ, एकाकडे हुडूक आणि मध्ये ही चित्रं. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, म्हणजे एक चित्र दाखवून झालं की पालटलं की पुढचं चित्र समोर येतं. आमची पोथी पणजोबांच्या हातची. कडा कसरीने खाल्ल्यात, रामाच्या निळ्या रंगाला भेगा गेल्यात. पण मला त्यातलं सगळ्यात जवळचं काय वाटतं तर प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला काळपट, गुळगुळीत डाग. पान पालटताना पणजोबांचा, मग आजोबांचा अंगठा तिथेच पडायचा. दोन पिढ्यांचा घाम आणि दिव्याची काजळी आहे ती. आजीने तो डाग साहेबांना बोटाने दाखवला.

ते चांगले गृहस्थ होते, वाईट बोलले नाहीत. "छान आहे, जपून ठेवा," म्हणाले. "पण ही कला झाली, आजी. ही जमातीची खूण नव्हे."

त्याच वर्षीचा पद्मश्री पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना मिळाला होता, ठाकर आदिवासींच्या ह्याच कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपल्याबद्दल. पिंगुळी आमच्या वाडीपासून जवळच. सगळ्या वाडीने तो आनंद आपल्या घरचा म्हणून साजरा केला होता. म्हणून साहेबांचं ते वाक्य मला अजून सोडत नाही.

हे सगळं सुरू झालं होतं दोन वर्षं आधी. अकरावी सायन्सला असताना कॉलेजमधून व्हॅलिडिटीचा, म्हणजे जमात वैधता प्रमाणपत्राचा, अर्ज भरून घेतला. प्रांत कार्यालयातून मिळालेला जमातीचा दाखला माझ्याकडे होताच. पण राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता दाखला पुरत नाही, तो तपासणी समितीने वैध ठरवावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, तो ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. अर्जाबरोबर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि मुख्य म्हणजे ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा. त्या तारखेला राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश निघाला, म्हणून ती तारीख.

आमच्या घरात ५० सालाआधी शाळेत गेलेलं कोणी नव्हतं. आजोबांचं नाव शाळेत घातलं ते १९५२ साली, रजिस्टरवर 'हिंदू ठाकर' अशी नोंद. दोन वर्षांनी हुकलेला पुरावा. समितीकडून त्रुटीचं पत्र आलं. मधे कोरोना आला, सगळी कार्यालयं बंद, आणि २०२१ च्या सुरुवातीला बाबांनी रोजगार बुडवून तहसीलच्या रेकॉर्ड रूमच्या खेपा सुरू केल्या.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये असतात. कोतवाल बुक म्हणतात तिला. स्वातंत्र्याआधी कुडाळ सावंतवाडी संस्थानात होतं आणि नोंदी मोडीत. बाबांना देवनागरीच जेमतेम, मोडी कुठून येणार? एक निवृत्त मोडी वाचक मिळाले. चौथ्या खेपेला त्यांनी १९३४ च्या एका पानावर बोट ठेवलं. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जातो. त्या रेघेखाली बोट सरकवत ते सुटं सुटं वाचू लागले. बापाचं नाव. वाडी. मुलगा. आणि जातीच्या रकान्यात ठा... क... र. आजोबांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद. बाबा म्हणतात, त्यांनी त्या पानाला हात लावून नमस्कार केला. नक्कल मिळाली तेव्हा तिच्यावरचा शिक्का अजून ओला होता, म्हणून ते ती शर्टाच्या खिशात न घालता दोन्ही हातांत धरून घरी आले.

आम्हाला वाटलं, झालं काम.

आता थोडं मागे जाते, नाही तर आमचं दुखणं कळायचं नाही. ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशी एकच नोंद अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. पण पूर्वी जमातींना क्षेत्रबंधन होतं. १९५६ च्या यादीत ठाकर ही जमात ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्य होती. कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या रायगडमधलं, कर्जत, खालापूर, सुधागड, तसंच ठाणे, नाशिक, नगर, पुण्याकडचे काही तालुके. आम्ही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतो, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. रत्नागिरीचं नाव त्या यादीत नव्हतं. संसदेने १९७६ मध्ये कायदा करून राज्यापुरतं हे क्षेत्रबंधन काढलं आणि २७ जुलै १९७७ पासून ते अंमलात आलं. म्हणजे माझे आजोबा ठाकर म्हणून जन्मले, ठाकर म्हणून देवळात जागर केले, आणि कागदावर आदिवासी झाले ते तीस वर्षांचे झाल्यावर.

यादी बदलायचा अधिकार संविधानाच्या कलम ३४२ प्रमाणे फक्त संसदेला. संसदेने तो वापरला, रेघ पुसली. पण लोकांच्या आणि कार्यालयांच्या मनातली रेघ पुसायला कायदा पुरत नाही, हे मी पुढे अनुभवलं. ठाकूर-ठाकर हे नाव इतर जातींतही आढळतं, तेव्हा नुसत्या नोंदीवर विसंबता येत नाही, असं समितीचं म्हणणं. म्हणून ती अॅफिनिटी टेस्ट, त्यांच्या कागदांत आप्तभाव चाचणी. तुमच्या चालीरीती मूळ जमातीशी जुळतात का, ते बघायचं.

१२ सप्टेंबर २०२१ ला मी 'नीट', म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, दिली होती. निकाल चांगला लागला. ओपनच्या कट-ऑफपेक्षा माझे गुण कमी होते, हे मी लपवत नाही. अनुसूचित जमातीच्या यादीत मात्र मी वर होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पहिल्याच फेरीत एमबीबीएसची जागा मिळाली. बाबा आणि मी रात्रभराचा प्रवास करून कॉलेजला गेलो. खिडकीपाशी एकेक मूळ कागद तपासून झाला, आणि मग बाई म्हणाल्या, "व्हॅलिडिटी?"

अर्जाची पावती दाखवली. दक्षता पथक येऊन गेल्याचं सांगितलं. "पावती चालत नाही." त्यांचा दोष नव्हता, नियमच तसा होता. ती खिडकी संध्याकाळी साडेपाचला बंद झाली. तोवर आम्ही तिथेच बाकावर बसून होतो, का ते सांगता येत नाही. बाबांनी परतीच्या वाटेवर एकच गोष्ट विचारली, "तू जेवलंस काय गो?"

जून २०२२ मध्ये सुनावणी झाली, दहा मिनिटं. सप्टेंबरमध्ये निर्णय आला, पोस्टाने. दावा अवैध. कारणं अशी: अर्जदाराचं कुटुंब पूर्वी क्षेत्रबंधन असलेल्या भागातलं नाही, १९३४ ची नोंद नुसती 'ठाकर' आहे, तीवरून जमात सिद्ध होत नाही, आणि आप्तभाव चाचणीत अर्जदार उतरत नाही. दाखला जप्त.

दाखला जप्त म्हणजे काय, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. नुसती माझी जागा गेली नव्हती. आजी, बाबा, पोथीवरचा तो अंगठा, सगळंच खोटं ठरलं होतं. वाडीत कुजबुज सुरू झाली की आता आपल्या सगळ्यांच्याच मुलांचं काय होणार.

मी गावाजवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं होतं. कुडाळला एक वयस्क वकील आहेत, त्यांच्याकडे बाबांनी नेलं. फाईल वाचून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझ्या डोक्यातला सगळा विषय पालटला. म्हणाले, "बाळा, राखीव जागांचं आपल्या संविधानातलं पहिलं मोठं भांडण मेडिकलच्या जागेवरनंच झालं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मद्रास प्रांतात सरकारचा जातवार वाटपाचा आदेश होता: दर १४ जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २, अँग्लो-इंडियन व ख्रिश्चनांना १ आणि मुसलमानांना १. चंपकम दोराईराजन ही ब्राह्मण बाई वैद्यकीय प्रवेशासाठी त्याविरुद्ध कोर्टात गेली. एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला की केवळ जातीवरून प्रवेश नाकारता येत नाही. दोनच महिन्यांत संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५ मध्ये चौथं उपकलम घातलं: सामाजिक आणि शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्गांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी राज्य खास तरतूद करू शकेल.

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. चंपकमचा राग मला समजतो, हे मी मनापासून लिहिते. दारावर उभं केलं आणि जातीवरून मागे फिरवलं की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे, मी त्या बाकावर बसले आहे. तरीही मला १५(४) बरोबर वाटतं. ज्याच्या घरात ५० सालाआधी शाळेत गेलेलं माणूस नाही आणि ज्याच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आहेत, त्या दोघांना एकाच रेघेवर उभं करून धावा म्हणणं ही समानता नव्हे. १९७५ च्या एन. एम. थॉमस खटल्यात न्यायालयाने नोकऱ्यांच्या संदर्भात हेच म्हटलं की अशी तरतूद समानतेला अपवाद नाही, ती समानतेचाच भाग आहे. पूर्वी मी राखीव जागेचं नाव निघालं की मान खाली घालायची. हे वाचल्यापासून घालत नाही.

तपासणीही हवी. हे आमच्यातले काही लोक रागाने मान्य करत नाहीत, पण मी करते. ही समित्यांची पद्धत घालून दिली ती १९९४ च्या माधुरी पाटील खटल्याने. दोन बहिणींनी महादेव कोळी असल्याचा दावा करून वैद्यकीय शिक्षणाच्या जागा मिळवल्या होत्या आणि तो दावा टिकला नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना जागा ७ टक्के. शंभर जागांच्या कॉलेजात राज्याच्या वाट्याच्या ८५ धरल्या तर सहाच्या आसपास. त्यातली एक खोट्या दाखल्यावर गेली तर कातकऱ्याची, वारल्याची, ठाकराची एक खरी मुलगी बाहेर राहते. तेव्हा चाळणी लावा. माझं भांडण चाळणीशी नाही, तिच्या भोकांच्या मापाशी आहे. ज्या जमातीला पुढे आणण्यासाठी जागा राखल्या, तिच्या मुलीला विचारायचं की तू अजून आजी-पणजीसारखी नाचतेस का, त्यांची बोली बोलतेस का? नाचत असते तर नीटचा अभ्यास कधी केला असता? मागे राहिलात म्हणून जागा, आणि दोन पावलं पुढे आलात म्हणून संशय, हे दोन्ही एकाच संविधानाच्या नावाने कसं चालेल?

मी हे बोलले तेव्हा वकीलकाकांनी कपाटातून एक निकाल काढून दिला. २०११ चा, आनंद नावाच्या अर्जदाराचा. त्यात न्यायालयाने म्हटलंय की स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन द्यावं. आणि स्थलांतर, आधुनिकता, इतर समाजांशी संपर्क यांमुळे जमातींच्या चालीरीती बदलतात, म्हणून आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही. माझ्या आजीच्या त्या दुपारचं उत्तर त्यात दहा वर्षं आधीच लिहिलेलं होतं.

उच्च न्यायालयात रिट दाखल केली. पैशांसाठी आईने पाटल्या मोडल्या, काकाने बैल विकले. कोकणकन्येच्या जनरल डब्यातून बाबा तीन वेळा मुंबईला गेले, दोनदा पुढची तारीख घेऊन आले. मधल्या काळात मी पुन्हा नीटचा अभ्यास सुरू केला. बीएस्सीचं कॉलेज, घरी येऊन रात्री पुस्तकं. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात माझा धीर संपत आला होता.

मग २४ मार्च २०२३ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात निकाल दिला. आमच्याच जमातीच्या नावाने. आप्तभाव चाचणी निर्णायक नाही. प्रत्येक प्रकरण डोळे झाकून दक्षता पथकाकडे पाठवायचं नाही. कागदांवर समितीचं समाधान झालं नाही तरच, आणि तेही थोडक्यात कारण नोंदवून. वकीलकाकांचा फोन आला तेव्हा मी विहिरीवर होते. कळशी तशीच सोडून पळत घरी आले.

७ मे ला नीट दिली. जूनमध्ये उच्च न्यायालयाने समितीचा निर्णय रद्द केला. १९३४ ची नोंद संस्थानी काळातली आहे, तिच्याबद्दल कुणी शंका घेतलेली नाही, क्षेत्रबंधन संसदेने कधीच काढलंय, तेव्हा वैधता प्रमाणपत्र द्या, असा आदेश. प्रमाणपत्र हातात आलं ते साधा एक कागद, वर माझं नाव, खाली तीन सह्या. बाबांनी ते आधी आजीच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. तिने कागद उजेडात धरला आणि विचारलं, "ह्येच्यात ठाकर खय लिवला हा?" मी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं.

ऑगस्टमध्ये प्रवेश झाला, ह्या वेळी खिडकीवर पाच मिनिटं लागली. हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीने सहज म्हणून म्हटलं, "तुमचं बरं असतं, कमी मार्कांत सीट." मी तिला रेकॉर्ड रूमची, कोतवाल बुकाची, बाकावरच्या संध्याकाळची सगळी हकीकत सांगितली. रात्री एक वाजला. ती आता माझी रूममेट आहे. तिला मत पूर्ण पटलंय असं नाही, अजून आमचे वाद होतात. पण गेल्या वर्षी तिने स्वतः नील ऑरेलिओ नुनीस खटल्याचा २०२२ चा निकाल शोधून मला वाचून दाखवला. त्यात म्हटलंय की गुणवत्ता म्हणजे फक्त एका स्पर्धा परीक्षेतले गुण, इतका तिचा अर्थ अरुंद करता येत नाही.

दोन वर्षं हातची गेली, ती कुणी परत देणार नाही. माझ्याबरोबर बारावी झालेली मुलं इंटर्नशिपकडे आलीत, मी तिसऱ्या वर्षात. वाडीतल्या दोन मुलींनी माझं अवैध झालेलं बघून अर्जच केला नाही आणि लग्न करून गेल्या. त्यांचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

गेल्या वर्षी चुलतभावाचा अर्ज भरला. वडिलांकडच्या रक्तनात्यातली वैधता म्हणून माझ्या प्रमाणपत्राची प्रत जोडली, वंशावळ जोडली, १९३४ ची नक्कल जोडली. सुट्टीत मी घरी होते. आजीने सकाळीच माळ्यावरून पोथी काढून खळ्यात उन्हाला लावली होती, एकेक पान सुटं करून, वर दगड ठेवून.

"आज्ये, ह्या कित्याक काढलंस?"

"जीप येतली नाय? इचारतले तेवा दाखवक व्हयी."

तेवढ्यात काकाचा फोन आला. चुलतभावाची व्हॅलिडिटी निघाली होती, कागदांवरच, दक्षता पथक न येता. मी तिला सांगितलं, आता कोण विचारायला यायचं नाही.

"कोणच नाय?"

"नाय."

ती थोडा वेळ पानांकडे बघत राहिली. मग वाकून दगड उचलायला लागली. "चल तर. मदत कर, पोथी बांदून ठेवया."